कॉमिकला हात लावू नये

कॉमिक्सचे खरे चाहते व्हायचं ठरवलंच असेल, तर पहिली अट ऐकून घ्या: कॉमिक वाचायचं नाही. वाचतात ती पोरंटोरं. चाहता जपतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत, मागे जाड पुठ्ठा, उभं, अंधारात आणि कोरड्या जागी. आता तुम्ही राहता वेंगुर्ल्यात नाहीतर देवगडात, जिथे जूनमध्ये दोरीवर टाकलेला टॉवेल गणपतीत वाळतो. घरात कोरडी जागा एकच, चुलीवरचा माळा, आणि तिथे आमसुलं, सुके बांगडे आणि पुढच्या वर्षीचं बियाणं आधीच सुखाने नांदतंय. त्यांना खाली उतरवा. बियाण्याला बुरशी आली तर पुढच्या वर्षी शेती नाही एवढंच; कॉमिकला आली तर काय, याची कल्पना तरी करवते का?

कागदावर विश्वास ठेवू नका. ही जुनी कॉमिक्स स्वस्तातल्या लाकडी लगद्याच्या कागदावर छापलेली. त्यातलं लिग्निन उजेडाने, हवेने पिवळं पडतं, कागद पापडासारखा मोडतो. तो मोडायच्या आत कसर येते आणि कसर दमली की वाळवी. म्हणून रोज एकदा पिशव्या मोजाव्यात, उघडू मात्र नयेत. अमेरिकेत तर कॉमिकला दहापैकी गुण देऊन कडक प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचं सील करतात; पेटी फोडली की गुण गेले. म्हणजे हे पुन्हा कोणी वाचणार नाही, याची हमी पैसे मोजून घ्यायची. याहून शुद्ध भक्ती मला तरी ठाऊक नाही.

घरचे 'रद्दी' हा शब्द काढतीलच. त्यासाठी एक आकडा पाठ करा. ॲक्शन कॉमिक्सचा पहिला अंक, सुपरमॅनचा, १९३८ साली दहा सेंटला मिळत होता. २०१४ मध्ये ९.० गुणांची त्याची एक प्रत ३२ लाख डॉलरला गेली. तोंडावर फेका हा आकडा. तुमच्याकडे तो अंक नाही. तुमच्याकडे आहे तो मामाने मुंबईहून येताना एसटीत वाचायला घेतलेला इंद्रजाल कॉमिक्सचा अंक, पहिलं पान गायब, वेताळाच्या (इंग्रजीतल्या फँटमच्या) छातीवर फणसाचा चीक. पण हा तपशील कोणी विचारल्याशिवाय सांगू नये.

वेताळाचा विषय निघाला की मात्र सरसावून बसा. इथे आपण जगाला दोन गोष्टी शिकवू शकतो. सुपरमॅन १९३८ चा, वेताळ १९३६ चा, लेखक ली फॉकचा. म्हणजे अंगाला चिकटलेल्या कपड्यांतला नायक आपल्याकडे, सॉरी, वेताळ राहतो त्या डेंकालीच्या जंगलात, आधी आला. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये निघाली ती त्याच्याच जोरावर, आणि १९९० मध्ये बंद पडली त्याचं सुतक तुम्ही अजून पाळता, हे चार लोकांत कळलं पाहिजे. समोरचा इंद्रजालच्याच बहादूरचं नाव काढेल. काढू द्या. तोही चांगला होता, १९७६ चा, आबिद सुरतींचा, चंबळच्या डाकूंशी लढणारा. पण धोतरातल्या डाकूंपुढे वेताळाचे समुद्री चाचे ते चाचेच.

चाच्यांवरून एक सावधगिरी. पहिल्या वेताळाने (मुखवटा बापाकडून मुलाकडे जातो, म्हणून लोकांना तो अमर वाटतो) चाच्यांचा नायनाट करायची शपथ घेतली, आणि इंग्रजांनी कान्होजी आंग्र्यांनाही चाचेच म्हटलं होतं. म्हणजे वेताळाचं गलबत विजयदुर्गासमोर आलं असतं तर तुम्ही कुठल्या बाजूला, असं एखादा आगाऊ पोरगा विचारेल. हसून विषय बदला. जादूगार मॅन्ड्रेकवर घ्या.

दुसरी सावधगिरी आजीची. 'चारशे वर्षं मरण नसलेला, रात्री जंगलात फिरणारा वेताळ' हे तिला कौतुकाने सांगायला जाऊ नका. ती आरवलीची असेल तर वेतोबाचं काढेल. तिथे लोक देवाला हातभर लांबीच्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो. "आमच्या वेतोबाची चपलां झिजतत, बाबा. तुझ्या ह्या वेताळाचे बूट कधी झिजलेले दाखवल्यानी?" यावर कुठल्याही अंकात उत्तर नाही. मी शोधलंय.

आता सिनेमे. कॉमिक वाचायचं नाही तसा सिनेमा बघायचा नाही, तपासायचा. शेजाऱ्याला ऐकू जाईल इतपत आवाजात "पुस्तकात असं नव्हतं" म्हणत राहायचं. सराव म्हणून स्पायडरमॅन घ्या. कॉमिकमध्ये पीटर पार्कर जाळं सोडायचं यंत्र स्वतः बनवतो. २००२ च्या सिनेमात जाळं थेट मनगटातून आलं; तेव्हा संतापायचं, की पोराची हुशारीच काढून घेतली. २०१२ मध्ये यंत्र परत आलं. तेव्हा उसासा टाकायचा, की आधीच्याची सर नाही. एक्स-मेनमधला वुल्वरीन कॉमिकमध्ये जेमतेम सव्वापाच फुटांचा, पडद्यावरचा सहा फुटांच्या वर. २००० सालापासून ही तक्रार चालू ठेवा आणि जोडीला 'कॉमिकमधले पिवळे कपडे कुठेत?' विचारत राहा. २०२४ मध्ये ते पिवळे कपडे आले की म्हणा, "हं, आता चाहत्यांना खूश करायचं बघतायत." तक्रार पुरी होणं हा चाहत्यावरचा सर्वांत मोठा अन्याय आहे. पुढची तयार ठेवल्याशिवाय घराबाहेर पडू नये.

१९९६ च्या वेताळाच्या सिनेमाबद्दल फक्त मान हलवायची. कुठल्या दिशेने ते समोरच्यावर सोडायचं.

दशावतारापासून, म्हणजे आपल्या रात्रभर चालणाऱ्या नाटकापासून, मात्र सांभाळून. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की घरचे ओढून नेतील. तिथे आख्यान सगळ्या गावाला पाठ, पण संवाद लिहिलेला नाही. नट रंगात आला की कालचा अभिमन्यू आज वेगळंच बोलतो, आणि लोक "वा!" म्हणतात. एकच बाकडं: त्यावर राजा बसला की सिंहासन, तेच आडवं सरकवलं की डोंगर. लुगडं नेसलेली द्रौपदी सकाळी दुकानात विडी ओढताना दिसते आणि कोणाचं काही बिघडत नाही. तुम्ही, ज्यांनी राक्षसाच्या शेपटीची सावली चुकली म्हणून दोनशे कोटींचा सिनेमा नापास केला, ते पहाटेपर्यंत तोंड उघडं टाकून त्या बाकड्याकडे बघत बसाल. बसा, पण ओळखीच्या चाहत्याने पाहिलं तर झोप लागली होती म्हणून सांगा. छापील काहीच नसेल तर चूक कोणाची काढणार? आणि चूक काढता येत नसेल तर आपण कशासाठी गेलो होतो, हे त्याला पटवायचं कसं? २०२१ मध्ये आलेल्या चार तासांच्या जस्टिस लीग सिनेमासाठी तुम्ही जगभरच्या चाहत्यांबरोबर ओरडला होतात, तेही चांगलं अंथरुणात पडून. इथे थंडीत, गोणपाटावर, शेंगदाणे खात चार तास झाले तेव्हा सुरुवातीचा राक्षस, संकासुर, नुकता आत गेला होता, हे बाहेर जाऊ देऊ नका.

शेवटचं व्यवहाराचं. पहिल्या दिवशीचा पहिला खेळ बघायला तुम्हाला पणजी गाठावी लागली, तरी नावं संपेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. नावांनंतर अर्ध्या मिनिटाचा तुकडा असतो. त्यात पुढच्या सिनेमातला कोणीतरी येतो, ज्याला तुमच्याशिवाय थिएटरात कोणी ओळखत नाही. तेवढ्यात वेंगुर्ल्याची शेवटची गाडी सुटते. स्टँडवर रात्र काढताना शेजारी बसलेल्या मासळीवालीला तो कोण होता हे सविस्तर सांगा. ती कुठे जाणार नाही, तिचीही गाडी सकाळचीच आहे.