सीलबंद मारिओ आणि भावाचा प्रश्न : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

ग्रेडेड, म्हणजे कंपनीनं तपासून, प्लॅस्टिकच्या चौकटीत बंद करून स्थितीचा दहापैकी आकडा (ग्रेड) दिलेल्या, व्हिडिओ गेमच्या बाजारावर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही वेळ काढून, मुद्देसूद लिहिलंय, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मी २०२१च्या तेजीला सरसकट ‘फसवणूक’ म्हटलं ते चूक होतं. ‘झेल्डा’ आणि ‘सुपर मारिओ ६४’ हे जपानी कंपनी निन्टेंडोचे दोन गेम मी एकाच पारड्यात घातले. २०२२ पासून भाव उतरले ते व्याजदर वाढल्यामुळे, तेव्हा सगळंच उतरलं. ग्रेडिंगमुळे बाजारात विश्वास आला, ते मी सांगितलंच नाही. आणि मी नाण्यांचा माणूस, मला या गेमचं प्रेम काय कळणार. तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहता आणि २०२१च्या ऑक्टोबरात घेतलेली मारिओ ६४ची सीलबंद प्रत, ९.२ ग्रेडची, अजून तुमच्या कपाटात आहे, हेही तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत.

पहिला मुद्दा मान्य. ‘फसवणूक’ हा शब्द मी वापरायला नको होता. ऑगस्ट २०२१ मध्ये कार्ल जॉब्स्ट या यूट्यूबरनं वाटा गेम्स ही ग्रेडिंग कंपनी आणि हेरिटेज हे डॅलसचं लिलावघर यांच्यावर भाव फुगवल्याचे आरोप केले. दोघांनीही ते नाकारले. मे २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात वाटाविरुद्ध ग्राहकांच्या वतीनं दावा दाखल झाला. आरोप आणि दावा म्हणजे निकाल नव्हे. मूळ लेखातला तो शब्द मी काढलाय आणि दुरुस्तीची नोंद खाली जोडलीय. याबद्दल तुमचे मनापासून आभार.

पण तो शब्द काढल्यावरही माझं मूळ म्हणणं बदलत नाही. मला एवढंच म्हणायचं होतं की, ज्या बाजारात माल एकूण किती आहे हे कुणालाच दिसत नाही, तिथे एका विक्रीवरून भाव ठरवता येत नाही. त्यासाठी कुणी लबाडी केलेली असायची गरज नाही. सगळे प्रामाणिक असले तरी तेच घडतं.

झेल्डाचं तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. त्या लेखात मी ते दोन लिलाव एका वाक्यात उरकले, कारण ते दोन दिवसांच्या अंतरानं झाले होते. ९ जुलै २०२१ला ‘द लीजंड ऑफ झेल्डा’ची प्रत ८ लाख ७० हजार डॉलरला गेली आणि ११ जुलैला ‘सुपर मारिओ ६४’ १५ लाख ६० हजारांना. वर्तमानपत्रांनीही त्यांची एकच बातमी केली. पण वस्तू म्हणून त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. झेल्डाची ती प्रत १९८७च्या सुरुवातीच्या छपाईतली. हेरिटेजच्या सांगण्यानुसार तो प्रकार काही महिनेच निघाला, आणि त्याहून जुन्या प्रकाराची एकच प्रत शिल्लक असावी असं मानलं जातं. तिची ग्रेड फक्त ९.० होती. म्हणजे पैसे गेले ते मुख्यतः छपाईच्या प्रकाराला. डबा थोडा दबला असता, तरी तिला गिऱ्हाईक मिळालंच असतं.

मारिओ ६४चं तसं नाही. हा गेम १९९६चा, आणि जगभरात त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती विकल्या गेल्या. त्यात दुर्मीळ असं काही असेल तर ती फक्त ग्रेड : ९.८, आणि प्लॅस्टिकच्या वेष्टनाला ए++. अशा पाचपेक्षाही कमी प्रती आहेत, असं तेव्हा हेरिटेजनं सांगितलं होतं. माझी सगळी अडचण या वाक्यात आहे. पाचपेक्षा कमी प्रती अस्तित्वात आहेत, की तोपर्यंत पाचपेक्षा कमी ग्रेडिंगला आल्या आहेत? वाटानं ग्रेडिंग सुरू केलं २०१८ मध्ये. तीन वर्षांत त्यांच्या टेबलावर जे आलं, तेवढंच मोजलं गेलं. आणि कुठल्या ग्रेडच्या किती प्रती आहेत हा आकडा, ज्याला पॉप रिपोर्ट म्हणतात, त्या जुलैत लोकांसाठी खुला नव्हता. बोली लावणाऱ्याला विकणाऱ्याच्या शब्दावरच विसंबावं लागत होतं.

तुम्ही मला नाण्यांचा माणूस म्हणालात. आहेच. आणि म्हणूनच हे सगळं मला ओळखीचं वाटलं. अमेरिकेत नाण्यांना सीलबंद प्लॅस्टिकच्या चौकटीत, म्हणजे स्लॅबमध्ये घालून आकडा द्यायची पद्धत पीसीजीएस या ग्रेडिंग कंपनीनं १९८६ला रुजवली, १९८७ला एनजीसी ही दुसरी कंपनी आली. नाणं हातात न घेता, नुसत्या आकड्यावर सौदे होऊ लागले. वॉल स्ट्रीटच्या बड्या कंपन्यांनी नाण्यांचे फंड काढले. १९८९ मध्ये भाव शिगेला पोचले आणि १९९० मध्ये कोसळले. सगळी नाणी सारखी पडली नाहीत, ही त्यातली शिकण्यासारखी गोष्ट. खरोखर कमी पाडली गेलेली नाणी पुढे सावरली. मॉर्गन डॉलरची सर्वसाधारण सालं मात्र वाईट आपटली. ही चांदीची नाणी अमेरिकी सरकारच्या तिजोरीतून पोत्यांनी बाहेर आलेली होती. एमएस-६५ ग्रेडचा (नाण्यांत आकडा सत्तरपैकी असतो) मॉर्गन दुर्मीळ आहे असं वाटत होतं, कारण अजून फारसे कुणी पाठवलेच नव्हते. भाव चढले तशी पोती उघडली गेली आणि दर महिन्याला मोजणीचा आकडा वाढत गेला.

मारिओ ६४ हा गेमचा मॉर्गन डॉलर आहे, असं मला वाटतं. भाव स्वतःच माल बाहेर काढतो. पंधरा लाखांची बातमी वाचून न्यू जर्सीपासून ऑरेगॉनपर्यंत लोकांनी माळे आणि गॅरेज धुंडाळली असतील. दुकान बंद करताना कुणी उरलेलं खोकं नातेवाइकाकडे ठेवलेलं असतं, कुणी नाताळला दोन प्रती आल्या म्हणून एक तशीच ठेवलेली असते. एप्रिल २०२१ मध्ये ६ लाख ६० हजारांना गेलेली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची प्रत अशीच, १९८६च्या नाताळची भेट, टेबलाच्या खणात विसरलेली. एक विसरलेली प्रत सापडते म्हणजे आणखीही कुठेतरी असतात. १९८६च्या काळातल्या गेमच्या कमी असतील, १९९६च्या जास्त. कारण तोपर्यंत या डब्यांना पुढे किंमत येईल असं मानणारे लोक तयार व्हायला लागले होते.

याउलट एक जुनं उदाहरण देतो, तुम्हाला ठाऊक असेलच. ‘स्टेडियम इव्हेंट्स’. बांदाई या जपानी कंपनीनं काढलेला हा गेम निन्टेंडोनं हक्क विकत घेतल्यावर दुकानांतून मागे घेतला आणि ‘वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट’ या नावानं पुन्हा आणला. बाजारात राहिल्या त्या मोजक्या प्रती. त्यातली एक सीलबंद प्रत फेब्रुवारी २०१० मध्ये ईबेवर ४१,३०० डॉलरला गेली. वाटाचा जन्म व्हायला तेव्हा सात वर्षं बाकी होती. तिथे आकडा लावायची गरजच नव्हती, गेम का कमी आहे हे प्रत्येकाला माहीत होतं. मला अशा वस्तूंबद्दल आदर आहे, आणि हे मी लेखात लिहायला हवं होतं.

आता तुमचा व्याजदराचा मुद्दा. मार्च २०२२ पासून फेडरल रिझर्व्हनं दर वाढवायला घेतले आणि करोनाकाळातला मोकळा पैसा आटला, हे खरं. २०२० आणि २०२१ मध्ये घरी बसलेल्या लोकांच्या हाती सरकारी मदतीचे चेक होते. संग्राहकांच्या ट्रेडिंग कार्डांचं ग्रेडिंग करणाऱ्या पीएसए या कंपनीकडे इतका माल साठला की मार्च २०२१ मध्ये त्यांना बहुतेक प्रकारचं काम घेणं थांबवावं लागलं. तोच पैसा गेममध्येही आला. तो गेल्यावर भाव उतरणारच. पण ओहोटी सगळ्या किनाऱ्याला एकाच वेळी येते. कोणती होडी चिखलात रुतते, हे तिच्या बुडाखाली किती पाणी होतं यावर ठरतं. ज्या गेमचा भाव दोन-तीन बोलीदारांच्या चुरशीवर उभा होता, त्यातला एक उठून गेला की पुढचा लिलाव कुठे थांबेल हे सांगता येत नाही. याला मी भावाची चढ-उतार म्हणत नाही. तिथे भाव कधी ठरलाच नव्हता.

त्या लेखात मी भावाच्या एका आलेखावर इतका का चिडलो होतो, तेही सांगतो. २०१९च्या फेब्रुवारीत ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १ लाख १५० डॉलर, जुलै २०२०ला १ लाख १४ हजार, एप्रिल २०२१ला ६ लाख ६० हजार, ऑगस्ट २०२१ला २० लाख. हे चार ठिपके जोडून काढलेली चढती रेघ सगळीकडे फिरत होती. पण ही एकाच वस्तूची किंमत नाही. पहिली प्रत नुसत्या स्टिकरनं बंद केलेली, दुसरी हँगटॅबवाली (दुकानात टांगायची पट्टी असलेल्या डब्याची) ९.४, तिसरी ९.६. शिवाय लिलावातल्या आकड्यात खरेदीदाराकडून घेतलं जाणारं कमिशन धरलेलं असतं. मारिओ ६४वर हातोडा पडला तो १३ लाखांवर, त्यावर २० टक्के धरून १५ लाख ६० हजार. चौथ्या ठिपक्याची तर लिलावात विक्रीच झाली नाही. रॅली या, वस्तूंचे हिस्से विकणाऱ्या कंपनीनं ती प्रत एप्रिल २०२०ला १ लाख ४० हजारांना घेतली होती आणि नाव जाहीर न केलेल्या खरेदीदारानं ती मागून घेतली. त्याला ती वीस लाखांची वाटली, यात माझा काही वाद नाही. पण त्यावरून तुमच्या कपाटातल्या प्रतीची किंमत कशी काढणार?

ग्रेडिंगमुळे विश्वास आला, हे मी अर्धं मानतो. अर्धं म्हणजे खरोखर अर्धं, तुमचं मन राखायला नाही. पूर्वी श्रिंक रॅपचं यंत्र आणून उघडलेला डबा पुन्हा ‘सीलबंद’ करणारे लोक होते, आजही असतील. निन्टेंडोच्या कारखान्यातलं वेष्टन मागे कसं जोडलेलं असतं, जोड कुठे येतो, हे ओळखणारी नजर सगळ्यांना नसते. त्या बाबतीत ग्रेडरनं मोठं काम केलं. दूरच्या माणसाला न बघता खरेदी करता आली, ती त्यामुळेच.

पण अस्सल की नकली हे सांगणं वेगळं, आणि ९.६ की ९.८ हे सांगणं वेगळं. माझ्या एका मित्राचा ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया एकदा ६२ म्हणून आला. त्यानं स्लॅब फोडून तोच रुपया वर्षभरानं पुन्हा पाठवला, तर ६३ आला. रुपयाला या वर्षात हातही लागला नव्हता. नाण्यांत हे सर्रास चालतं, त्यात ग्रेडरचा काही डाव नसतो; माणसाच्या नजरेत तेवढा फरक पडतोच. पण त्या फरकाला दहापट पैसे मिळायला लागले की नजरेवर फार मोठं ओझं येतं. त्यातून वाटाच्या शुल्काचे टप्पे वस्तूच्या अंदाजित किमतीप्रमाणे होते. भाव चढले की ग्रेडिंग महागणार. शिवाय २०१९ मध्येच, गहाणवटीच्या दुकानावरच्या एका लोकप्रिय अमेरिकी मालिकेत वाटाच्या अध्यक्षांनी स्टिकर-सीलवाल्या मारिओची किंमत तीन लाख डॉलर सांगितली. आणि फेब्रुवारी २०१९ची ती लाखाची प्रत ज्या तिघांनी मिळून घेतली, त्यात हेरिटेजचे एक सहसंस्थापक होते. हे तेव्हाच्या बातमीतच छापलेलं आहे, कुणी लपवलं नव्हतं. बेकायदा आहे असंही मी म्हणत नाही. पण सोन्याचा कस लावणाऱ्यानं भाव सांगू नये, आणि पेढीच्या मालकानं आपल्याच बाजारात पहिला चढा सौदा करू नये, ही आपल्याकडच्या सराफी बाजारातल्या कुठल्याही जुन्या माणसाला पटणारी गोष्ट आहे. तुम्हालाही पटेल असं वाटतं.

राहता राहिलं प्रेम. हे वाचून थोडं दुखलं, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. आमच्याकडे अस्सल निन्टेंडो नव्हता. टीव्हीला जोडायचा नकली गेम होता, पिवळ्या कॅसेटचा, आणि कॅसेट चालली नाही की काढून फुंकायची. मारिओचा पहिला झेंडा मी चौथीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे गाठला. त्या गेमचा डबा न उघडता चाळीस वर्षं कुणी जपला, याचं मला आजही कौतुक वाटतं. तो डबा जपणाऱ्यांचं पुढे नुकसान होऊ नये, म्हणूनच तो लेख लिहिला होता.

तुम्ही विचारलं नाहीत, पण विषय निघालाच आहे तर तुमच्या प्रतीबद्दल. घाईनं विकू नका, आणि पंधरा लाखांची बातमी मनात ठेवून वाटही बघू नका. ९.२ ही वेगळी ग्रेड आहे, तिचा ९.८शी संबंध जोडू नका. गेल्या वर्षभरात नेमक्या याच ग्रेडच्या आणि याच सील रेटिंगच्या किती प्रती खरोखर विकल्या गेल्या, ते लिलावांच्या जुन्या नोंदींत बघा. विकायला लावल्या आणि गेल्या नाहीत, अशा किती, तेही लिहून काढा. ते आकडे जास्त बोलतात. आता पॉप रिपोर्ट बघायला मिळतो. तुमच्या ग्रेडचा आणि वरच्या ग्रेडचा आकडा टिपून ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघा. दोन्ही आकडे वाढत असतील तर घाई करण्यासारखं काही नाही, पण थांबून मिळण्यासारखंही फार नाही.

आणि एक विनंती. प्रतीच्या मागच्या बाजूचा, वेष्टनाचा जोड दिसेल असा फोटो टाकाल का? स्लॅबच्या आत असला तरी चालेल. मारिओ ६४चा कारखान्यातला जोड मी आजवर फक्त लिलावाच्या छायाचित्रांत पाहिलाय.