क्यूलेमन्सचं करिअर वाया गेलं म्हणे!

परवा कट्ट्यावर एक मित्र म्हणाला, "वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला कॅप्टन असलेला माणूस शेवटी कुठल्यातरी खालच्या डिव्हिजनच्या क्लबला कोचिंग करत बसला. करिअर वाया गेलं की!" विषय बेल्जियमचा जुना फुटबॉलपटू यान क्यूलेमन्सचा होता. तिथं मला पटकन बोलता आलं नाही. घरी आल्यावर मात्र झोप लागेना. म्हणून हे लिहितोय, जरा मोठं होईल.

१९८६ ला मी नववीत होतो. कोल्हापुरात आमच्या गल्लीत शेजारच्या काकांकडे टीव्ही होता आणि पहाटे साडेतीनला त्यांच्या सोप्यात आम्ही वीस-बावीस जण दाटीवाटीनं बसलो होतो. अर्जेंटिना विरुद्ध बेल्जियम, तीच सेमीफायनल. सगळे मॅराडोनाचे भक्त, मीही त्यातलाच. त्यानं दोन गोल मारले, गल्ली जागी झाली. पण माझ्या डोळ्यांत राहिला तो बेल्जियमचा अकरा नंबर, उंच, थोराड अंगाचा, सतत धावणारा. त्याच्या देशात त्याला 'स्टर्के यान' म्हणतात, म्हणजे बलदंड यान.

त्याच स्पर्धेतली सोव्हिएत युनियनविरुद्धची मॅच मी पुढे कित्येकदा बघितली. मेक्सिकोतल्या लिऑनचं मैदान, बेल्जियम १-२ नं मागे, तेरा मिनिटं उरलेली. मागून एक लांब पास येतो. क्यूलेमन्स एकटाच पुढे. सोव्हिएत बचावपटू ऑफसाइड, म्हणजे पास येताना हा आपल्या पुढे नियमाबाहेर उभा होता, असं समजून थबकतात. हा मात्र थांबत नाही. बॉल छातीवर घेतो, वळतो आणि गोलकीपर दासायेवच्या बाजूनं जाळ्यात मारतो. ऑफसाइड होता का यावर लोक अजून भांडतात, आणि माझ्या मते होताही. पण शिट्टी वाजेपर्यंत खेळायचं हे आमचे कोच घसा फोडून सांगायचे, ते मला त्या एका गोलनं कळलं. जादा वेळेत बेल्जियमनं ती मॅच ४-३ नं जिंकली. पुढे स्पेनविरुद्धही यानंच हेडर मारला आणि पेनल्टीवर बेल्जियम सेमीफायनलला पोचलं.

आता मिलानची गोष्ट. १९८१ मध्ये इटलीचा एसी मिलान क्लब त्याला न्यायला तयार होता. त्यानं आईला विचारलं, आई नको म्हणाली आणि हा बेल्जियमच्या 'क्लब ब्रुग'मध्येच राहिला. ही गोष्ट सांगताना लोक हसतात. "आईच्या पदराला धरून बसला" असं मीसुद्धा एकेकाळी म्हणायचो. ते चूक होतं. आपल्या डोक्यात मिलान म्हणजे पुढच्या काळातलं, गुलिट आणि व्हान बास्टन या डच स्टार्सचं मिलान. १९८१ चं मिलान सट्टेबाजीच्या प्रकरणात झालेली शिक्षा भोगून नुकतंच दुसऱ्या श्रेणीतून वर आलं होतं आणि पुढच्याच मोसमात पुन्हा खाली गेलं. त्याच उन्हाळ्यात, १९८२ च्या वर्ल्ड कपच्या पहिल्या मॅचला, बेल्जियमनं जगज्जेत्या अर्जेंटिनाला १-० नं हरवलं. त्या संघात क्यूलेमन्स होता. कोण कुठे चुकलं, सांगा!

ब्रुगमध्ये तो १९७८ ते १९९२ राहिला. लीग जिंकली, सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा बेल्जियमचा गोल्डन शू तीनदा मिळवला, देशासाठी ९६ सामने खेळला. तो विक्रम २०१७ मध्ये व्हर्टाँगननं मोडेपर्यंत टिकला. १९८७ मध्ये यूएफा कप या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत जर्मनीच्या डॉर्टमुंडकडून ३-० नं हरून आल्यावर ब्रुगनं घरच्या मैदानावर जादा वेळेत ५-० केलं, तेव्हाही हा संघात होता. म्हणजे घराजवळ राहून माणूस लहान झाला नाही.

कोच म्हणून तो आधी आल्स्टला गेला. मग इंगेलमुन्स्टर, आणि १९९९ ला वेस्टर्लो. वेस्टर्लो म्हणजे अँटवर्प प्रांतातलं छोटंसं गाव. स्टेडियमचं नाव 'हेट कुइप्ये', शब्दशः छोटा टब. त्या टबातल्या टीमला घेऊन यानं २००१ चा बेल्जियन कप जिंकून दिला, फायनलला लोमेलला १-० नं हरवून. क्लबला तो कप त्याआधीही मिळाला नव्हता आणि त्यानंतरही मिळालेला नाही. पुढे युरोपात जाऊन हे गाव जर्मनीच्या हेर्था बर्लिनशी खेळलं. हरलं, पण खेळलं! पैसा, नावाजलेले खेळाडू, पन्नास हजारांची गर्दी, यातलं काहीही नसताना.

२००५ ला ब्रुगनं त्याला बोलावलं. युरोपातल्या चॅम्पियन्स लीगच्या गटात युव्हेंटस आणि बायर्नसारखे बलाढ्य क्लब होते. तिसरा नंबर आला. पण लीगमध्ये मनासारखं होईना आणि २००६ च्या एप्रिलमध्ये त्याला काढलं. ज्या क्लबला चौदा वर्षं दिली त्यानं एक मोसमसुद्धा पूर्ण होऊ दिला नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं. मित्राचं म्हणणं इथं थोडं खरं आहे, मोठ्या क्लबचा कोच म्हणून तो टिकला नाही.

पण मग त्यानं काय केलं? परत वेस्टर्लोला गेला. २०११ ला पुन्हा कपच्या फायनलपर्यंत नेलं. २०१२ ला क्लब खालच्या श्रेणीत गेला, यानचं तिथलं पर्वही संपलं. त्यानंतर तो कापेलेनच्या छोट्या क्लबला गेला. तो मूळचा लिर गावचा. लिर, वेस्टर्लो आणि कापेलेन तिन्ही अँटवर्प प्रांतातलीच. तिथल्या अशा क्लबांत दिवसभर काम करून संध्याकाळी सरावाला येणारी पोरं असतात. त्यांच्यासमोर ९६ सामन्यांचा माणूस उभा राहायचा आणि पास कसा घ्यायचा ते दाखवायचा.

आमच्या पेठेतले एक जुने खेळाडू आजही संध्याकाळी गांधी मैदानावर दहा-बारा वर्षांच्या पोरांना असंच शिकवतात. माझा हा मित्र त्यांच्याच हाताखाली खेळला आणि अजून भेटले की वाकून पाया पडतो. उद्या कट्ट्यावर त्याला एवढंच विचारणार आहे, तुझे सर करिअर वाया घालवून तिथं उभे असतात का रे?