तेल लावा आणि पुसून टाका

कार्बन स्टीलचा, म्हणजे गंज धरणाऱ्या साध्या पोलादाचा, नवा पॅन घरी आणल्याबरोबर त्यावर घावन घालता येतील, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी नॉनस्टिकवरच समाधान मानावे. गंज चढू नये म्हणून कारखान्यातच त्याला मेणाचा किंवा तेलाचा थर दिलेला असतो. तो काढण्यासाठी उकळते पाणी, साबण आणि घासणी घेऊन मी ज्या आवेशाने बसले, तो पाहून आमच्या कामाच्या मावशींनी “हे तुमचं तुम्हीच करा” असे सांगून अंग काढून घेतले. शिवाय थर निघाला म्हणून हात झटकण्याची सोय नाही, कारण उघडे पडलेले लोखंड पावसाळी हवेत बघता बघता तांबूस होऊ लागते. तेव्हा घासणे, पुसणे आणि गॅसवर कोरडे करणे एका दमात उरकावे लागते.

पुढचा भाग मात्र प्रेक्षणीय असतो. रिकामा पॅन मोठ्या आचेवर तापत गेला, की साधारण २२० अंश सेल्सिअसच्या पुढे त्यावर गवती पिवळा रंग उमटतो, मग तपकिरी, मग जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. लोखंडावर धरलेल्या ऑक्साइडच्या अतिशय पातळ पापुद्र्याची ही किमया मी तल्लीन होऊन पाहत असताना सासूबाई डोकावल्या आणि “जाळलास ना नवा पॅन!” एवढेच बोलून गेल्या.

खरी कसोटी तेलाची. ते फडक्याने सगळीकडे लावायचे आणि मग जणू चुकून सांडले असावे, अशा बेताने पुसून काढायचे. सढळ हाताने फोडणी घालणाऱ्या घराला हे पटणे कठीण. पण असंतृप्त तेल तापले, की हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याचे रेणू एकमेकांत गुंतून पदार्थ चिकटू न देणारा कडक थर बनतो आणि तेल जास्त झाले तर तो कडक होण्याऐवजी चिकट राहतो. जवसाच्या तेलाचा थर देखणा खरा, पण त्याचे पोपडे निघतात, म्हणून मी रोजचे सूर्यफुलाचे तेल घेतले. फोनवर आईने बिडाच्या तव्याचा उपाय सांगितला: अर्धा कांदा तेलात बुडवून घासायचा. तो काही खुळचट नाही. कांद्याने तेल पातळच पसरते.

थर धरवताना धूर निघतोच, ही गोष्ट शेजाऱ्यांना ठाऊक नसल्यामुळे काकूंनी दोनदा बेल वाजवून “गॅसवर काही राहिलंय का गं?” असे विचारले. खिडक्या सताड उघड्या, पंखा गरगरतो आहे आणि मी पुन्हा तेल लावून पुसते आहे, हे दृश्य त्यांना शेवटपर्यंत उलगडले नाही.

अखेर पॅन काळाभोर, तुकतुकीत झाला, अंडेही न चिकटता सुटू लागले. आंबट पदार्थ हा थर खातात, म्हणून टोमॅटो, चिंच आणि कोकम वर्ज्य असल्याचे मी घरभर बजावले होते. तरीही रविवारी मी बाजारात गेले असताना सासऱ्यांनी हौसेने त्यातच टोमॅटोची चटणी रटरटवली. मधला भाग राखाडी पडला. चटणीत बरेच लोह उतरले असणार, हे मी त्यांना सांगितले, त्यावर ते म्हणाले, “मग उद्याही करू या.”