पिठाने पांढरी झालेली माळ

मुंबईच्या गिरणगावातल्या, म्हणजे कापडगिरण्यांच्या वस्तीतल्या, आज्यांवरचा एक लेख वाचला आणि आमची लालबागची आजी डोळ्यांसमोर उभी राहिली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि आजोबांची नोकरी गेली ती कायमचीच. मग आजीने चाळीतल्या एका खोलीत खाणावळ चालवली. पहाटे चारला स्टो पेटायचा. भाकऱ्या थापताना तोंडात विठ्ठलाचं नाव, गळ्यातली तुळशीची माळ पिठाने पांढरी. पैसे थकले म्हणून तिने कुणालाही ताटावरून उठवलं नाही (आजोबा यावरून चिडायचे). पंढरपूरला जाणं परवडत नसे, म्हणून आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरात अनवाणी जायची, तासन्‌तास रांगेत उभी राहायची. तिची पीठ मळायची लाकडी काथवट अजून माझ्याकडे आहे, मधोमध झिजलेली. आजी, फार आठवण येते गं.