खाटा मोजल्या, माणसं मोजलीच नाहीत

कोरोनाच्या पहिल्या दोन लाटांत आपण सगळे एकच आकडा शोधत होतो. बेड किती शिल्लक? ऑक्सिजनचे किती, आयसीयूचे किती, व्हेंटिलेटर कुठे आहे? सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, महापालिकेच्या वॉर रूमच्या फोनवर दिवसरात्र हीच चौकशी. त्या बेडजवळ उभं कोण राहणार, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. आजही विचारत नाही, आणि म्हणूनच हे लिहिते आहे.

बेड उभे करणं आपल्याला जमतं, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं. जून २०२० मध्ये ठाण्याच्या बाळकुम-साकेत भागात ग्लोबल हबच्या इमारतीत हजाराहून जास्त खाटांचं कोविड रुग्णालय सुरू झालं. वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये, जिथे आपण प्रदर्शनं बघायला जायचो, तिथे कोविड सेंटर झालं. ज्यांनी रात्रंदिवस राबून हे केलं त्यांचे उपकारच आहेत. पण पार्टिशन आणि पाइपलाइन काही आठवड्यांत होते, नर्स होत नाही. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, तीन वर्षं लागतात, बीएस्सी नर्सिंगला चार. आयसीयूत हात बसायला त्यापुढे आणखी काळ जावा लागतो.

माझी नणंद नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. एप्रिल २०२१ मध्ये नाइट करून आली की दारातूनच "वहिनी, बादली ठेवा" म्हणायची आणि थेट बाथरूममध्ये. पीपीई किट एकदा चढवलं की ड्युटी संपेपर्यंत पाणी नाही, लघवीला जाणं नाही. पाळी असली तरी तसंच. गॉगलवर वाफ धरलेली, आणि त्यातून शीर शोधून सलाईन लावायचं. आयसीयूत एका पेशंटमागे एक नर्स असावी असा नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे. तिच्या वॉर्डात त्या महिन्यात हा निकष कुणाच्या तोंडीही नव्हता. समोरचे पेशंट धापा टाकतायत, मोबाइलवर घरचे रडतायत, आणि फोन कानाला धरून द्यायलाही मोकळा हात नाही.

ऑक्सिजन नीट मिळावा म्हणून व्हेंटिलेटरवरच्या माणसाला पालथं करायचं म्हणजे निदान चार-पाच जणं लागतात. एक जण नुसती श्वासाची नळी सांभाळतो, कारण ती निसटली तर संपलंच. काही तासांनी त्याला पुन्हा सरळ करायचं. आता वॉर्डात असे सहा पेशंट धरा आणि हिशेब करा.

तीच गोष्ट मॅनिफोल्ड रूममधल्या, म्हणजे जिथून सिलिंडर जोडून वॉर्डांना ऑक्सिजन जातो त्या खोलीतल्या, मामांची. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७००० लिटर ऑक्सिजन मावतो. हाय फ्लोवरचा, म्हणजे जोरानं ऑक्सिजन सोडणाऱ्या यंत्रावरचा, एक पेशंट मिनिटाला ६० लिटरपर्यंत ओढू शकतो. म्हणजे एक सिलिंडर दोन तासही पुरत नाही. रात्रभर ते लोखंडी सिलिंडर ढकलणारे, बदलणारे, काट्यावर नजर ठेवणारे मामा कुठल्या सत्कारात दिसले? वॉर्डातल्या मावशी, अॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हर, प्रेत बांधणारे कर्मचारी यांची नावं किती जणांना ठाऊक आहेत?

यातले बरेच जण कंत्राटी होते, आणि मला सगळ्यात जास्त चीड याचीच आहे. आमच्या ओळखीतल्या एका मुलीला २०२० मध्ये तीन-तीन महिन्यांच्या ऑर्डरवर घेतलं. पहिली लाट ओसरली तशी ऑर्डर थांबली. दुसरी लाट आली तसा फोन आला, "उद्यापासून या." ती गेली, कारण माणसं मरत होती. लाट संपल्यावर पुन्हा घरी. केंद्राच्या ५० लाखांच्या विम्यात कंत्राटी कर्मचारीही होते, ही चांगलीच तरतूद होती. पण तो विमा मेल्यावरचा. जिवंत कर्मचाऱ्याला हवी होती कायम नोकरी आणि वेळेवर पगार. आशाताईंना तर जून २०२१ मध्ये मानधनासाठी राज्यभर संप करावा लागला. त्याआधी 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या वेळी त्याच थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या होत्या.

थाळ्या वाजवल्या त्याला माझा विरोध नाही, मीही वाजवली. पण त्यानंतर महिन्याभरात, २२ एप्रिल २०२० ला, आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांसाठी सात वर्षांपर्यंत कैदेचा अध्यादेश काढावा लागला. भाड्याचं घर सोडायला सांगितलेल्या नर्स आपल्याच शहरांत होत्या.

कुणी म्हणेल, महामारी गेली, आता कशाला उगाळायचं? ऑगस्ट २०२३ आठवा. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. तेव्हा कुठलीही लाट नव्हती. नव्या इमारतीसाठी ठाण्याच्या सिव्हिलची, म्हणजे जिल्हा रुग्णालयाची, जागा रिकामी केली होती आणि तिथला भार कळव्यावर येत होता. जिल्ह्याच्या टोकाहून, अगदी शेवटच्या घडीला आणलेले पेशंटही होते. जबाबदारी ठरायलाच हवी, गेलेल्यांच्या घरच्यांना उत्तर मिळायलाच हवं. पण दुसऱ्या दिवशी फेसबुकवर लोक रात्रपाळीच्या डॉक्टर-नर्सना खुनी म्हणत होते, ते मला मुळीच पटलं नाही. मंजूर पदं किती आणि भरलेली किती, हे त्यांतल्या एकानंही विचारलं नव्हतं.

ठाण्याला नवं सिव्हिल मिळणार याचा मला आनंद आहे. शहापूर-मुरबाडच्या माणसाला त्याची गरज आहे. पण उद्घाटनाच्या फलकावर खाटांचा आकडा असतो, तसाच मंजूर आणि भरलेल्या पदांचा आकडा दर महिन्याला रुग्णालयाच्या दारावर लागला पाहिजे: डॉक्टर, सिस्टर, टेक्निशियन, वॉर्डबॉय, सफाई कामगार, आणि त्यांत कंत्राटी किती. ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही महापालिकांच्या नगरसेवकांना मी हे लेखी मागणार आहे. ज्यांना पटतंय त्यांनी आपापल्या प्रभागात मागा. अर्जाचा मसुदा हवा असेल तर मला मेसेज करा, रविवारपर्यंत तयार करते.