रिक्लायनर घेताय? मग नीट वापरा

रिक्लायनर (पाठ मागे कलणारी आणि पायांखाली फळी वर येणारी आरामखुर्ची) घ्यायचा तर कंबरदुखीचं निमित्त पुढे करा. 'मला लोळायचंय' म्हटलं तर घरातलं कुणी पैसे सोडत नाही. 'मणक्यावर ताण येतो' म्हटलं की सगळे गप्प. पुरावाही हाताशी ठेवा. 2006 साली स्कॉटलंडमध्ये एमआरआय काढून पाहिलं, तेव्हा काटकोनात ताठ बसण्यापेक्षा 135 अंशांत रेलून बसलेलं मणक्याला अधिक मानवतं असं दिसलं. लहानपणी 'ताठ बस' म्हणून पाठीत धपाटा घालणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे आवर्जून ऐकवा. तासन्‌तास तसंच पडून राहा असं काही त्यात म्हटलेलं नव्हतं, पण तेवढं सांगत बसू नका.

खुर्ची आली की भिंतीपासून चांगली पुढे ओढा. पाठ मागे जायला जागा लागते, पाय पुढे यायलाही. भिंतीला लागून उघडणारे प्रकार मिळतात; त्यांच्या वाटेला जाऊ नका. सगळ्यांना वळसा घालायला लावत नाही, ती कसली खुर्ची?

आता खरा उपयोग. आराम हा फुटकळ फायदा झाला. तिचा मोठा गुण हा, की तिच्यातून उठायला वेळ लागतो. कळ ओढा, पायाखालची फळी टाचांनी आत दाबा, पाठ सरळ करा, चपला चाचपडा. तोवर दारावरच्या माणसाला दुसऱ्या कुणीतरी आत घेतलेलं असतं. म्हणून बेल वाजली की कळीला हात घाला, थोडं कण्हा आणि 'उठतोच आहे' म्हणा. कळीचा खट्ट आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचला पाहिजे. बास, एवढंच.

पाहुण्यांनी 'केवढ्याला पडली?' विचारलं तर इतिहासात शिरा. अमेरिकेत मिशिगनमधल्या मन्रो गावी एडवर्ड नबुश आणि एडविन शूमेकर यांनी 1928 मध्ये नुसत्या लाकडी पट्ट्यांची अशी खुर्ची बनवली, ओसरीत ठेवायला. गादीबिदी काही नाही. (इतके कष्ट करून आळसाचं यंत्र काढणारी माणसं, त्यांचा आदर्श आपण घेऊ नये.) एवढ्यात पाहुणे किंमत विसरतात. न विसरले तर पुन्हा मणक्यावर या.

मोटारवाली घेतलीत तर उत्तमच. वीज गेली की पाय वर असतानाच अडकता, आणि कुणी दोष देऊ शकत नाही. बॅटरीची सोय असलेल्याही येतात, म्हणून दुकानदार ते सांगायला लागला की विषय बदला. फक्त गादीच्या फटीत पडलेला रिमोट काढायला मुलांना लावू नका. आतल्या सांध्यांत बोटं सापडतात, आणि मग खरोखर उठावं लागतं.