आयर्लंडचा इतिहास १९२२ च्या आगीत संपला नाही

समाजमाध्यमांवर सतत पुढे पाठवला जाणारा एक दावा असा आहे: जून १९२२ मध्ये डब्लिनचे सरकारी दप्तर जळाले आणि आयर्लंडच्या सगळ्या जुन्या नोंदी गेल्या, चर्च आणि मठांकडे उरले ते प्रार्थनांपुरते, आणि तेही धर्मसंघांनी दडवले किंवा नष्ट केले, म्हणून तिथला गावोगावचा इतिहास आता दंतकथांवरच उभा आहे. यातला प्रत्येक भाग वेगळा तपासायला हवा.

आधी ‘सगळे जळाले’ हे विधान घेऊ. ३० जून १९२२ रोजी, आयरिश यादवी युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात, लिफी नदीकाठच्या फोर कोर्ट्स या न्यायालय संकुलात स्फोट झाला आणि तिथले सार्वजनिक अभिलेखागार भस्मसात झाले. १८२१ ते १८५१ या काळातील जनगणनांची बहुतेक मूळ पत्रके, असंख्य मृत्युपत्रे आणि चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून अधिक पॅरिश-नोंदवह्या (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतला परिसर) त्यात गेल्या. हे नुकसान भयंकर होते आणि ते कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु त्यानंतरच्या ज्या चार जनगणनांचे खापरही याच आगीवर फोडले जाते, त्यांची पत्रके सरकारनेच आधी नष्ट केली होती: १८६१ आणि १८७१ ची आदेश काढून, तर १८८१ आणि १८९१ ची पहिल्या महायुद्धात कागदटंचाईमुळे लगद्यात घालून. १९०१ आणि १९११ च्या जनगणना शाबूत आहेत आणि घरबसल्या विनामूल्य पाहता येतात.

कॅथलिक पॅरिशच्या बाप्तिस्मा-विवाह नोंदी तर फोर कोर्ट्समध्ये नव्हत्याच. १८७० च्या दशकातील कायद्याने सरकारी दप्तर ठरल्या त्या चर्च ऑफ आयर्लंडच्या वह्या. कॅथलिक वह्या धर्मगुरूंच्या घरीच राहिल्या. राष्ट्रीय ग्रंथालयाने पुढे त्यांच्या मायक्रोफिल्म काढल्या आणि हजाराहून अधिक पॅरिशच्या प्रतिमा २०१५ मध्ये सर्वांसाठी खुल्या केल्या.

त्या आगीपासून हाकेच्या अंतरावर काय होते, हे पाहिले तर दावा आणखी डळमळतो. नदीच्या समोरच्या काठावर, ‘मर्चंट्स की’ नावाच्या रस्त्यावर, फ्रान्सिस्कन या कॅथलिक धर्मसंघातील बंधूंचा मठ होता आणि १८७२ मध्ये रोमहून आणलेली जुनी आयरिश हस्तलिखिते तिथे होती. १६३२ ते १६३६ या काळात डोनेगलमध्ये मिहाल ओ क्लेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेल्या ‘फोर मास्टर्स’च्या इतिवृत्ताच्या, म्हणजे आयर्लंडच्या वर्षवार इतिहासाच्या, मूळ प्रतीचा भाग त्यांत होता. तो वाचला. २००० साली हा संग्रह युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनकडे सोपवण्यास सुरुवात झाली. फोर कोर्ट्सला लागूनच असलेल्या चर्च स्ट्रीटवरच्या कापुचिन या दुसऱ्या कॅथलिक संघाच्या मठाचे दप्तरही टिकले. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या उठावानंतर डब्लिनच्या किल्मेनहॅम तुरुंगात मृत्युदंडाच्या आधी नेत्यांना भेटलेले धर्मगुरू याच मठातले होते, आणि फादर कोलंबस मर्फी यांनी त्या दिवसांविषयी लिहिलेले कथन संघाच्या अभिलेखागारात आहे.

‘फक्त प्रार्थना’ हा आक्षेप मला सर्वांत खटकतो, कारण मठाची वही एकदा तरी उघडून पाहणारा माणूस असे म्हणणार नाही. जमाखर्चाच्या वहीत नव्या भगिनीने, म्हणजे संन्यासिनीने, मठात येताना आणलेला हुंडा लिहिलेला असतो, आणि त्यावरून गावातल्या कोणत्या व्यापारी घरातल्या मुली संन्यास घेत होत्या व बिनहुंड्याने आलेल्या भगिनींच्या वाट्याला स्वयंपाकघर आणि धुणीभांडी कशी येत होती, हे उलगडते. शाळेच्या पटावर पालकांचा व्यवसाय सापडतो. वार्षिक इतिवृत्तात तापाची साथ, छपराची दुरुस्ती, कंत्राटदाराशी झालेला वाद असे सगळे येते. मर्सी या भगिनींच्या संघाच्या किन्सेल गावातल्या मठप्रमुख फ्रान्सिस ब्रिजमन यांनी क्रिमियन युद्धातील शुश्रूषेची हकीकत लिहून ठेवली, म्हणून फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याशी झालेल्या संघर्षाची दुसरी बाजू आज कळते. येशूसंघीय (जेझुइट) फादर फ्रँक ब्राउन यांनी एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिकवर काढलेली छायाचित्रे प्रसिद्धच आहेत. त्यांच्या सुमारे ४२,००० निगेटिव्ह संघाच्या घरातल्या एका पेटीत पडून होत्या आणि १९८५ मध्ये त्या सापडल्या.

राहिला ‘दडवले’ हा आरोप. याकडे पाठ फिरवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. बाँ सेकूर संघाच्या भगिनींनी १९२५ ते १९६१ या काळात चालवलेल्या ट्यूम गावातल्या माता-बालगृहातील (अविवाहित माता व त्यांच्या मुलांसाठीच्या संस्थेतील) मुलांच्या दफनाची नोंदवही मिळालेली नाही, आणि अशा संस्थांत जन्मलेल्या अनेकांना स्वतःच्या जन्माच्या माहितीसाठी २०२२ च्या कायद्यापर्यंत थांबावे लागले. हा राग रास्त आहे. तरीही त्यावरून ‘नोंदीच उरल्या नाहीत’ असे म्हणणे म्हणजे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासक कॅथरीन कॉर्लेस यांचे काम पुसून टाकणे होय. त्यांनी नागरी मृत्युनोंदींतून त्या गृहात मरण पावलेल्या ७९६ मुलांची नावे एकेक करून काढली. त्या नोंदी १९२२ मध्ये जळाल्या नव्हत्या, म्हणूनच हे शक्य झाले.

खरा धोका आजचा आहे. भगिनींची संख्या घटत आहे, मठ बंद होत आहेत, आणि १९८६ चा राष्ट्रीय अभिलेखागार कायदा सरकारी खात्यांच्या कागदांना लागू होतो, धर्मसंघांच्या खासगी दप्तराला नाही. त्यामुळे बंद झालेल्या मठाच्या वह्या संघाच्या मध्यवर्ती अभिलेखागारात जाणार, विद्यापीठाकडे जाणार की इमारत विकताना कचऱ्यात जाणार, हे त्या संघाच्या इच्छेवरच सोडलेले आहे. हा प्रश्न विचारायची वेळ वह्या हलवण्याआधीची असते, आणि सगळे शंभर वर्षांपूर्वीच जळून गेले अशी समजूत असलेल्या गावात तो कोणी विचारतच नाही.